सुगडातलं पाणी गार का होतं? सातवी-आठवीच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

जिल्हा परिषद शाळा, सोलापूर जिल्हा. सातवी-आठवीचा एकत्र वर्ग. गटांची नावं मुलांनीच नद्यांवरून ठेवली: भीमा, सीना, नीरा आणि माण.

२८ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

विज्ञान दिनाचं प्रदर्शन पार पडलं. १९२८ साली याच तारखेला कोलकात्यात रामन परिणामाचा, म्हणजे पदार्थातून विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग बदलतो याचा, शोध लागला, म्हणून हा दिवस. मुलांनी मांडलेल्या वस्तू देखण्या होत्या: खायच्या सोड्याचा ज्वालामुखी, पवनचक्की, थर्माकोलचं हृदय. माहितीही न अडखळता सांगितली. पण ज्याचं उत्तर मांडणाऱ्यालाच अजून माहीत नाही, असा प्रश्न एकाही टेबलावर नव्हता. सी. व्ही. रामन आणि त्यांचे सहकारी कृष्णन यांचे सुरुवातीचे प्रयोग सूर्यप्रकाश आणि रंगीत काचा घेऊन झाले. साधनं साधी होती आणि प्रश्न त्यांचा स्वतःचा होता. माझ्या वर्गातल्या मुलांकडेही असा एक तरी प्रश्न हवा, असं मला फार वाटतं.

पाहुणे गेल्यावर आवराआवर चालली होती. ऑफिसबाहेरच्या माठातलं पाणी पिता पिता आठवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, फ्रिजला लाईट लागते. ह्याला काहीच लागत नाही, मग हे गार कसं होतं?" मी उत्तर दिलं नाही. तिलाच तो प्रश्न फळ्यावर लिहायला सांगितला आणि फळा कुणी पुसू नका म्हणून बजावलं.

३ मार्च, सोमवार

फळ्यावरच्या प्रश्नाखाली मुलांचे अंदाज लिहून घेतले. कुणालाही बरोबर म्हटलं नाही, चूक म्हटलं नाही. शेवटी चार अंदाज उरले. मातीचा गुणच थंड. माठ जाड असतो म्हणून बाहेरचं ऊन आत पोचत नाही. पाणी झिरपतं आणि झिरपताना गार होतं. चौथा अंदाज, माठ सावलीत ठेवतात म्हणून.

चौथा अंदाज दोन मिनिटांत निकालात निघाला, आणि तोही मुलांनीच काढला: "स्टीलची कळशी पण सावलीतच असते की!" उरलेल्या तिघांसाठी मी एकच प्रश्न मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीला लावला: "हे खोटं असेल तर आपल्याला कसं कळेल?" वर्ग बराच वेळ गप्प होता. आपला अंदाज खरा कसा ठरेल हे सगळ्यांनाच सांगता येतं. तो कशाने पडेल हे सांगायला मुलं कचरतात, कारण वर्गात पडणं म्हणजे नापास होणं अशीच त्यांना सवय. "मातीचा गुण" म्हणणाऱ्या मुलाने शेवटी स्वतःच मार्ग काढला: "पाणी न घालता कोरडं मडकं ठेवू. माती थंड असेल तर ते पण थंड लागायला पाहिजे."

४ मार्च, मंगळवार

मोठे माठ परवडणारे नाहीत आणि त्यातलं पाणी गार व्हायलाही वेळ लागतो. संक्रांतीची सुगडं बऱ्याच घरांत पडून असतात. मुलांनी ढीगभर आणली. हळदी-कुंकवाची बोटं धुऊन काढली, तडे गेलेली बाजूला केली, उरलेली रात्रभर भिजत घातली. शाळा रंगवताना उरलेला ऑईल पेंट होता, त्यातून प्रत्येक गटाने एकेक सुगड बाहेरून रंगवून वाळत ठेवलं. वजनकाटा पोषण आहाराच्या खोलीतला, एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा.

थर्मामीटर चार. चारही एकाच बादलीत बुडवले तर दोन २८ अंश दाखवतात, एक २९, एक ३०. मुलं गोंधळली. "बाई, खरा कोणता?" मी तोच प्रश्न वर्गाकडे वळवला. सीना गटातल्या मुलीने मार्ग काढला: गटाने आपला एकच थर्मामीटर सगळ्या भांड्यांत फिरवायचा, म्हणजे फरक तरी खरा मिळेल. माण गटाने त्यात भर घातली की ३० दाखवणाऱ्याच्या प्रत्येक नोंदीतून २ आणि २९ दाखवणाऱ्याच्या नोंदीतून १ वजा करायचा. उपकरणावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, हे पुस्तकातून शिकवायला मला आठवडा लागला असता.

आणखी एक नियम आजपासून. नोंदवहीत खोडरबर चालणार नाही. आकडा बदलायचा असेल तर जुन्यावर एक रेघ मारायची, शेजारी नवा लिहायचा, आणि का बदलला ते लिहायचं.

६ मार्च, गुरुवार

पहिली खरी मोजणी. प्रत्येक गटाकडे चार भांडी: साधं सुगड, रंगवलेलं सुगड, स्टीलचा पेला, आणि ओलं फडकं गुंडाळलेला स्टीलचा पेला. प्रत्येकात २५० ग्रॅम पाणी, सगळ्यांसाठी एकाच टिपातलं, काल संध्याकाळी वर्गातच भरून ठेवलेलं. भांडी ताटल्यांमध्ये, ताटलीसकट वजन. कोरडं सुगड वेगळं ठेवलं, त्यात फक्त थर्मामीटर. पंखा बंद. दुपारी १२ ला सुरुवात, २ वाजता शेवट.

सुरुवातीला पाणी २९ अंश, वर्गातली हवा ३३. शेवटी हवा ३४. भीमा गटाचे आकडे: साधं सुगड २४, रंगवलेलं ३१, पेला ३२, ओल्या फडक्यातला पेला २५. कोरडं सुगड हवेइतकंच, ३४. वजनात घट: साध्या सुगडात ९ ग्रॅम, ओल्या फडक्यात ८, पेल्यात १, रंगवलेल्या सुगडातही १.

सीना आणि माण गटांचे आकडे याच्या आसपासच. नीरा गटाचं साधं सुगड मात्र २८. तो गट हिरमुसला. त्यांच्यातला एकजण दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, किती यायला पाहिजे होतं? तेवढं लिहू का?"

हाच प्रश्न मला या सगळ्या प्रकल्पातून हळूहळू नाहीसा झालेला बघायचाय. मी म्हटलं, २८ तसंच राहू दे, आणि ते २८ का आलं हे फक्त तुमच्याच गटाला शोधता येईल.

७ मार्च, शुक्रवार

नीरा गट आज मधल्या सुट्टीत डबे घेऊन आपल्या बाकाशीच बसून राहिला. सुगड कालच्याच जागी, बाकाच्या टोकाला. सव्वा वाजता खिडकीच्या गजांतून उन्हाची एक तिरीप आत आली, फरशीवरून सरकत बाकावर चढली आणि सुगडाच्या पोटावर येऊन थांबली. बाकीची तीन भांडी सावलीत. मुलगी ओरडलीच, "ऊन! फक्त आपल्याच सुगडावर!" त्यांनी नोंदवहीत २८ च्या शेजारी कारण लिहिलं, वेळ लिहिली, उन्हाचा पट्टा कुठून कुठे गेला त्याचं चित्र काढलं. मग सुगड आत सरकवून पुन्हा मोजलं, २४ आलं. माझ्या मते सगळ्या वहीत हे पान सर्वांत चांगलं आहे. वर्गाला ते वाचून दाखवलं.

उरलेल्या तासात अंदाजांकडे परत आलो. मातीचा गुण थंड? कोरडं सुगड ३४. जाडी? रंगवलेलं सुगड तितकंच जाड, तरी ३१. आणि स्टीलला मातीचा कणही नाही, तरी ओल्या फडक्यातलं पाणी २५. ज्या मुलाचा मातीचा अंदाज होता तोच उठून म्हणाला, "माझं पडलं. पण बाई, मातीचं काम काय ते कळलं. माती फडक्यासारखी ओली राहते." वर्गाने टाळ्या वाजवल्या. अंदाज पडला म्हणून वाजलेल्या टाळ्या मी शाळेत पहिल्यांदा ऐकल्या.

१० मार्च, सोमवार

आठवीच्या मुलांबरोबर हिशोब. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना या तापमानाला सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. हा आकडा मी दिला, तो वर्गात मोजण्यासारखा नाही. बाकीचं त्यांनी केलं. ९ ग्रॅम उडालं: ९ × ५८० = ५२२०. पाणी २५० ग्रॅम, ५ अंश उतरलं, दर ग्रॅमला दर अंशाला १ कॅलरी: २५० × ५ = १२५०.

दोन आकडे जुळत नाहीत. जवळजवळ ४००० कॅलरींचा फरक. आधी काट्यावर संशय गेला, काटा तपासला, ठीक होता. मग पाणी सांडलं असेल असं ठरलं, पण वजन ताटलीसकट घेतलं होतं. एक मुलगी म्हणाली, पाण्याबरोबर सुगडही गार झालं ना, त्याचेही धरा. धरले. थोडेच निघाले. मग बराच वेळ कुणाला काही सुचेना, आणि मीही मध्ये पडले नाही.

कधी फारसं न बोलणारा सीना गटातला मुलगा पेल्याच्या नोंदीवर बोट ठेवून म्हणाला, "पेला २९ चा ३२ झाला. म्हणजे खोली त्याला तापवत होती. सुगडालाही तापवत असणार. सुगडातलं पाणी उडत होतं म्हणून ते कळलं नाही." मग एकाने लगेच पुढचं जोडलं: सुगड खोलीपेक्षा जास्त गार, म्हणजे खोली त्याला पेल्यापेक्षाही जास्त तापवणार.

पेल्याचा आकडा पहिल्या दिवशी सगळ्यांना कंटाळवाणा वाटला होता. तुलनेसाठी ठेवलेलं भांडं कशाला लागतं, हे यापुढे या वर्गाला समजवावं लागणार नाही.

१२ मार्च, बुधवार

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आता मुलं एकमेकांनाच सुनावतात. भीमा गटाने दोन सुगडं घेतली, एक पंख्याखाली आणि एक पंख्यापासून दूर पुठ्ठ्याच्या आडोशाला. सगळ्यांचा अंदाज होता की पंख्याखालचं १५-१६ अंशांपर्यंत उतरेल. दोन तासांनी पंख्याखालचं २३, आडोशाचं २४. तापमानात एका अंशाचा फरक. पण वजनात घट एकीकडे १५ ग्रॅम, दुसरीकडे ९. वाऱ्याने पाणी जास्त उडालं, तरी पाणी फारसं जास्त गार झालं नाही. दर पंधरा मिनिटांच्या नोंदी आलेखावर मांडल्या तेव्हा दिसलं की पंख्याखालचं सुगड लवकर उतरलं आणि मग एका जागी थांबलं. "थांबलं का?" हा प्रश्न फळ्यावर गेला.

माण गटाने सुगड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं. दोन तासांनी ३०. गार झालंच नाही. पिशवी उद्यापर्यंत तशीच ठेवायची असं त्यांनी ठरवलं.

१३ मार्च, गुरुवार

रात्री वर्ग गार झाला आणि सकाळी पिशवीच्या आतून बारीक थेंब जमलेले. सगळे बघायला लोटले. माण गटाने लिहिलं: "पाणी उडालं होतं, पण पिशवीतल्या हवेत आणखी मावत नव्हतं." उद्या धुळवड, सुट्टी.

१७ मार्च, सोमवार

आजपासून सकाळची शाळा, सात ते अकरा. मोजणीचा सगळा पाया बदलला. आठ वाजता हवा २७, पाणी २५. दहा वाजता सुगड २१, पेला २८. भीमा गटातले म्हणाले, जुने आकडे आता वाया गेले. नीरा गटाचं म्हणणं, वाया कसे जातील, सकाळचे आणि दुपारचे वेगळे लिहू आणि हवेशी तुलना करू. मग "थांबलं का?" या प्रश्नाला वाट मिळाली. दुपारी सुगड २४ ला थांबलं, सकाळी २१ ला. कोणीतरी त्याची खालची हद्द ठरवतंय, आणि ती हद्द रोज, तासातासाला सरकते.

मी एक थर्मामीटर घेतला, त्याच्या पाऱ्याच्या फुग्यावर ओली वात गुंडाळली, वातीचं दुसरं टोक पाण्याच्या वाटीत सोडलं, आणि वहीने वारा घालायला एकाला बसवलं. पारा उतरत उतरत १८ वर थांबला. शेजारचा कोरडा थर्मामीटर २७. मुलांनी आळीपाळीने वारा घातला, पण १८ च्या खाली काही जाईना. "माठाला पण याच्या खाली जाता येणार नाही का?" मी म्हटलं, रोज दोन्ही मोजत राहा आणि माठ कधी वातीच्या खाली जातो का ते बघा.

हवामान खात्याच्या केंद्रांवर याच पद्धतीने कोरडा आणि ओला असे दोन थर्मामीटर शेजारी शेजारी लावून हवेतला दमटपणा काढतात, हे नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर ती नुसती माहिती झाली असती.

२० मार्च, गुरुवार

वर्गातल्या एका मुलाचे आजोबा कुंभार. त्यांना बोलावलं. ते येताना ओल्या मातीचा गोळा आणि भाजलेल्या दोन खापऱ्या घेऊन आले. मातीत राख आणि लीद मळतात, भाजताना लीद जळून जाते आणि तिथे बारीक जागा राहते, त्यातून पाणी पाझरतं, असं त्यांनी सांगितलं. खापरी मोडून तिची कड दाखवली. मुलांनी भिंगातून बघितलं तर कड स्पंजासारखी सच्छिद्र. रंगवलेलं सुगड त्यांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "ह्याचं तोंडच बांधलंत तुम्ही."

मुलांनी त्यांना प्रश्न विचारले ते असे: लीद जास्त घातली तर? कमी घातली तर? भट्टीत जास्त भाजलं तर? आजोबांनी जास्त लीद घालून एक आणि कमी घालून एक अशी दोन मडकी करून द्यायचं कबूल केलं. आकार एकच ठेवा, असं त्यांना बजावणारी त्यांची नातच होती, पाचवीतली. ती खिडकीबाहेर उभी राहून ऐकत होती.

२२ मार्च, शनिवार

जुना माठ गार करत नाही, असं घरोघरी म्हणतात. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, जुन्या माठावर पांढरे क्षार धरतात. सीना गटाने एक जुनं, क्षार धरलेलं सुगड आणि एक नवं घेतलं. जुनं २३, नवं २१. पुन्हा केलं: जुनं २२, नवं २१. तिसऱ्यांदा दोन्ही सारखीच. शिवाय जुनं सुगड थोडं जाडही आहे. गटात वाद. दोघांचं म्हणणं, सिद्ध झालं. दोघांचं म्हणणं, नाही. शेवटी वहीत लिहिलं: "क्षारांमुळे कमी गार होतं असं वाटतं, पण खात्री नाही. एकाच कुंभाराची, एकाच दिवशी भाजलेली सुगडं हवीत." मी त्याखाली सही केली.

२७ मार्च, गुरुवार

मूल्यमापन. इथे मला होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाची आठवण होते. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सहावी ते आठवीच्या १६ शाळांतून तो सुरू झाला, पुढे जिल्हाभर पसरला आणि २००२ साली सरकारने बंद केला. त्यात मुलं परीक्षेला पुस्तक आणि वही घेऊन बसत, प्रयोगाचीही परीक्षा होई, आणि सवालीराम नावाच्या काल्पनिक माणसाला पत्रं पाठवून काहीही विचारत. तीस वर्षं साध्या सरकारी शाळांमध्ये हे चाललं, हे शिक्षकांना पुन्हा पुन्हा सांगायला हवं. आपल्याकडे साधनं नाहीत हे कारण तिथे टिकलं नाही.

मी वह्या उघड्या ठेवू दिल्या आणि एकच प्रश्न दिला: "प्रवासात पाण्याच्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळून बसच्या खिडकीत धरली की पाणी गार होतं असं म्हणतात. हे कसं तपासाल?" गुण चार गोष्टींना: काय बदलणार, काय तेच ठेवणार, काय मोजणार, आणि काय दिसलं तर हे म्हणणं खोटं मानणार. सातवीतल्या एकीने लिहिलं की दोन बाटल्या हव्यात, दोन्ही त्याच खिडकीत, एकीला ओलं फडकं आणि दुसरीला कोरडं फडकं, "कारण नुसती उघडी ठेवली तर फडक्याची सावली पण बदलेल." कोरड्या फडक्याचं मला स्वतःला सुचलं नव्हतं, आणि त्याचा मला मनापासून आनंद झाला. वाफेची व्याख्या पाठ म्हणणारी दोन मुलं या प्रश्नाला अडली. त्यांच्याबरोबर पुढच्या आठवड्यात पुन्हा बसायचंय.

३ एप्रिल, गुरुवार

पालकांसमोर मांडणी. या वेळी टेबलावर थर्माकोल नव्हता. सुगडं, काटा, वह्या आणि आलेख होते. एका शेतकरी पालकाने विचारलं, यात कोथिंबीर टिकेल का? मुलांनी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांनी विचारलं, किती दिवस टिकायला हवी, आणि टिकली हे कशावरून म्हणायचं? शेवटी ठरलं: एका मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या फटीत ओली वाळू, आत निम्मी जुडी, आणि निम्मी जुडी बाहेर घरात. रोज सकाळी वजन आणि फोटो. नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने हीच रचना तिथल्या शेतकऱ्यांपर्यंत नेली आणि २००० साली त्यासाठी त्याला रोलेक्स पुरस्कार मिळाला, हे मी सांगितलं. मग पालकांनाही त्या दोन मडक्यांजवळून हलवेना.

आजोबांची लीद कमी-जास्त घातलेली मडकी आज आली. आकार एकसारखा आहे. भिजत घातली आहेत.

आतापर्यंतच्या नोंदींमध्ये माठ एकदाही वातीच्या खाली गेलेला नाही. मुलांचा पुढचा प्रश्न पावसाळ्याचा: जुलैत हवा दमट असेल तेव्हा कोरड्या आणि ओल्या थर्मामीटरमधलं अंतर किती राहील, आणि माठ गार करेल का? प्रत्येकाने अंशांत एक आकडा आणि त्यामागचं कारण लिहून, तारीख घालून कागद दिलाय. कागद विज्ञानाच्या कपाटात ठेवले. आठवीची मुलं जूनमध्ये शेजारच्या गावच्या हायस्कूलला जातील. जुलैतल्या पहिल्या पावसाळी शनिवारी ती मोजणीला येणार आहेत, आणि तोवर वाती-वाटीचं काम सातवीने सांभाळायचं ठरलंय.